कोकोच्या मळ्यातली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात महामार्गावरच्या एका चौकाला आजही सगळे ‘कॅडबरी जंक्शन’ म्हणतात, आणि आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं चॉकलेट असलं तरी पोरं ‘कॅडबरी’च मागतात. पदार्थ इतका घरचा झालाय की तो ज्या बियांपासून होतो त्या कोण तोडतं, हे विचारायचं राहून जातं. शाळेत किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात या विषयावर बोललं की नंतर चहाच्या वेळी लोक गाठतात आणि बहुतेकदा तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कोको म्हणजे कोकम का? की नारळ?

दोन्ही नाही. कोकोचं झाड वेगळंच. त्याला फणसासारखं थेट खोडावर फळ लागतं, पपईपेक्षा लहान आणि जाड सालीचं. आत सीताफळासारखा पांढरा गर असतो आणि त्यात तीस-चाळीस बिया. त्या गरासकट केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात, मग आठवडाभर उन्हात वाळवतात. चॉकलेटचा वास आंबवल्यावर तयार व्हायला लागतो. ताजी बी चावलीत तर कडू लागेल.

हे सगळं घडतं कुठे?

मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत. आयव्हरी कोस्ट (तिथले लोक कोत दिव्वार म्हणतात) आणि शेजारचा घाना, या दोन देशांतून जगातला निम्म्याहून जास्त कोको येतो. आयव्हरी कोस्टमध्ये सुब्रे, दालोआ, गान्योआ हा कोकोचा पट्टा, आणि माल जहाजावर चढतो सान पेद्रो किंवा आबिजान बंदरातून. घानात कुमासीच्या आसपासचा आणि पश्चिमेकडचा जंगलपट्टा. नायजेरिया आणि कॅमेरूनमध्येही कोको होतो, पण एवढा नाही.

‘मळा’ म्हटल्यावर चहाच्या मळ्यासारखी एका साहेबाची शेकडो एकर जमीन डोळ्यांपुढे येते. तसं नाही. बहुतेक कोको दोन ते पाच हेक्टरवाल्या छोट्या शेतकऱ्यांचा असतो. पुढचं सगळं समजायला हे लक्षात असलं पाहिजे.

15 लाख मुलं गुलाम आहेत, असं वाचलं. खरं आहे का?

आकडा खरा आहे, शब्द चुकीचा आहे. हा घोळ इतक्या वेळा झालाय की जरा सविस्तर सांगतो.

शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या नॉर्क या संस्थेने 2018-19 च्या हंगामाची पाहणी केली आणि 2020 मध्ये अहवाल दिला. त्यात या दोन देशांत कोकोच्या कामात बालमजुरी करणारी मुलं 15.6 लाख निघाली. त्यातली 14.8 लाख धोक्याची कामं करत होती: कोयता चालवणं, जड ओझी उचलणं, फवारणी, झाडोरा तोडून जाळणं. पण यातली बहुतेक मुलं आपल्याच आईबापाच्या किंवा नातेवाइकांच्या शेतात राबतात. रात्री आपल्याच घरी झोपतात. ती गुलाम नाहीत. त्यांचं बालपण आणि शाळा बुडते, बोटं कापली जातात, फवारणीचं विष छातीत जातं, हे सगळं खरं. तरी ती गुलाम नाहीत.

सक्तीची मजुरी हे त्या मोठ्या वर्तुळाच्या आतलं छोटं, जास्त काळं वर्तुळ. आईवडील सोडून दुसऱ्याच कोणीतरी जबरदस्तीने राबवलेली मुलं. अमेरिकेतलं तुलेन विद्यापीठ आणि गुलामीविरुद्ध काम करणारी ‘वॉक फ्री’ ही संस्था यांच्या 2018 च्या अभ्यासात दोन्ही देश मिळून अशी सुमारे 16 हजार मुलं असल्याचा अंदाज होता. 15 लाखांपुढे 16 हजार म्हणजे काहीच नाही, असं वाटून घेऊ नका. तालुक्याच्या गावातल्या सगळ्या शाळांची पटसंख्या मिळवलीत तर एवढी मुलं भरतील.

फरकावर मी अडून बसतो, कारण उपाय वेगळे आहेत. गुलाम करणाऱ्याला पोलीस लागतात. स्वतःच्या पोराला शेतावर नेणाऱ्या बापाला पोलीस लावून काही होत नाही. त्याला मालाचा भाव लागतो आणि गावात शाळा लागते.

मग ती 16 हजार मुलं तिथे पोचतात कशी?

आयव्हरी कोस्टमध्ये सापडणारी बरीचशी उत्तरेकडून येतात, माली आणि बुर्किना फासोतून. तिथे एकच पावसाळा, त्यावर बाजरी-ज्वारी. पाऊस दगा देतो तेव्हा घरातलं एक तोंड कमी झालं तर बरं, अशी वेळ येते. दक्षिणेला, सीमेपलीकडे, कोकोचा देश. मालीतलं सिकासो शहर या वाटेवरचं मोठं ठिकाण. तिथल्या बसस्टँडवर एकटादुकटा मुलगा हेरणारी माणसं असतात. शहरात काम देतो, पैसे मिळतील, वर्षाने सायकल घेऊन गावी जाशील. बारा-तेरा वर्षांच्या पोराला सायकल पुरते.

प्रत्येक वेळी अनोळखी माणूसच असतो असंही नाही. आपल्याकडे मुलाला शिकायला मामाकडे ठेवायची पद्धत होती, तशीच तिथेही पोर नातेवाइकाकडे सोपवायची जुनी रीत आहे. सगळ्याच घरांत त्याचं वाईट होत नाही. पण काका म्हणून नेणारा खरंच काका आहे का, आणि असला तरी पोराला शाळेत घालणार की कोकोच्या रानात, हे सीमेवरच्या शिपायाला बसमध्ये डोकावून कळायचं कसं?

2009 च्या जूनमध्ये इंटरपोल आणि आयव्हरी कोस्टच्या पोलिसांनी कोको आणि पामच्या मळ्यांवर छापे टाकून 54 मुलं सोडवली. ती सात वेगवेगळ्या देशांची होती. 2015 मध्ये सान पेद्रो भागात आणखी 48 सुटली आणि 22 जणांना अटक झाली.

तिथे दिवस कसा जातो?

कोयता डोळ्यांपुढे आणा. आपल्या ऊसतोडीचा असतो त्यापेक्षा लांब पात्याचा. उंचावरची फळं काठीला बांधलेल्या आकडीने ओढून पाडतात, खालची कोयत्याने. मग फळांचा ढीग घालून सगळे भोवती बसतात. डाव्या तळहातावर फळ धरायचं, उजव्या हाताने कोयता मारायचा: साल फुटेल पण आतल्या बिया चिरणार नाहीत, इतपतच जोरात. पातं सालीत रुतलं की फळ किंचित पिळायचं, की दोन भकलं होतात. सरावलेल्या माणसाला एका फळाला काही सेकंद लागतात. चुकलं तर घाव डाव्या हाताच्या बोटांवर किंवा अंगठ्याच्या मुळाशी बसतो. तण काढताना चुकला तर नडगीवर. कोकोच्या पट्ट्यात पोरांच्या नडगीवरचे वण बघणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवलेत.

मग ओझं. आंबवायच्या ओल्या बिया टोपलीतून किंवा पोत्यातून वस्तीपर्यंत आणायच्या. वाट म्हणजे झाडांमधली पायवाट, पावसात निसरडी. वाळलेल्या मालाचं पोतं साधारण 60 ते 65 किलोचं. ते पोराच्या डोक्यावर चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरवायला कोणी नसतं.

जेवण म्हणजे केळी, कसावा, मक्याची उकड. सक्तीने राबणाऱ्याला तेही मोजून. मालीतून आलेल्या सहा माजी बालमजुरांनी अमेरिकेत खटला भरला, त्यांच्या फिर्यादीत बारा ते चौदा तासांचं काम, रात्री कुलूपबंद खोली आणि मारहाण आहे. पळताना सापडलेल्यांचे तळपाय चिरले जात, असंही त्यात म्हटलं आहे. हे त्यांचं म्हणणं. पुरावा तपासण्यापर्यंत ती केस गेलीच नाही. तिचं पुढे काय झालं ते खाली येईल.

पळून का जात नाहीत?

जातात. काही जातातच. पण भाषा येत नाही, कुठल्या दिशेला रस्ता आहे ते ठाऊक नाही, खिशात पैसा नाही, आणि भोवती मैलोगणती सारखंच दिसणारं रान. भिंत लागत नाही.

शिवाय मजुरी. कोकोच्या पट्ट्यात मजूर पुष्कळदा वर्षाच्या बोलीवर ठेवतात, आपल्याकडच्या सालगड्यासारखा. पैसे हंगाम संपल्यावर. त्यामुळे आठ महिने राबलेला मुलगा मनाशी हिशोब करतो की अजून चार महिने काढले की मिळतील. वर्ष भरतं, मग मालक म्हणतो की तुला आणायला दलालाला पैसे दिलेत, ते अजून फिटायचेत. रिकाम्या हाताने गावी परतायची लाज दोरखंडापेक्षा घट्ट बसते. मुंबईत पळून आलेल्या आणि ‘काहीतरी कमावल्याशिवाय घरी जाणार नाही’ म्हणणाऱ्या पोरांशी बोललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेतकरी मोठी माणसं मजुरीला का लावत नाही? इतका निर्दय असतो का?

आकडेमोड करून बघू. समजा तीन हेक्टरचं शेत, झाडं जुनी. हेक्टरी साधारण 450 किलो वाळलेला माल, म्हणजे वर्षाला 1350 किलो. 2023-24 च्या मुख्य हंगामात आयव्हरी कोस्ट सरकारने ठरवलेला भाव किलोला 1000 सीएफए फ्रँक (तिथलं चलन) होता. झाले साडेतेरा लाख फ्रँक. एका युरोला 656 फ्रँक हा दर बांधलेला आहे, त्याने साधारण 2060 युरो. तेव्हाच्या भावाने आपले 1 लाख 85 हजार रुपये. घरात सात माणसं धरा. माणशी दिवसाला सत्तर-बहात्तर रुपये. त्यातून अजून औषध, खत, पोती, दुखणी-खुपणी जायचीत. जमीन दुसऱ्याची असेल तर वाटा द्यायचा. घानात ‘आबुसा’ पद्धतीत तर राबणाऱ्या बटाईदाराच्या हाती तिसरा हिस्साच पडतो.

यात मोठ्या माणसाची रोजची मजुरी कुठे बसवाल?

पूर्वीपासून हे असंच होतं असं नाही. 1960-70 च्या दशकांत आयव्हरी कोस्ट कोकोवर श्रीमंत झाला. राष्ट्राध्यक्ष उफुए-बोआन्यी यांचं धोरण होतं की जमीन कसेल त्याची, म्हणून माली-बुर्किनातून लाखो लोक येऊन जंगल तोडून कोको लावत गेले. मग जागतिक भाव कोसळला आणि 1989 मध्ये सरकारला शेतकऱ्याचा भाव निम्म्यावर आणावा लागला. 1999 मध्ये जागतिक बँकेच्या दबावाखाली भावाची हमी देणारी सरकारी यंत्रणाच मोडीत निघाली. पोरांच्या सक्तीच्या मजुरीच्या बातम्या जगभर गाजायला लागल्या त्या नेमक्या याच सुमारास, 1998 ते 2001 मध्ये. मला तो योगायोग वाटत नाही.

पण 2024 मध्ये कोको प्रचंड महागला होता. शेतकरी श्रीमंत झाले असतील ना?

न्यूयॉर्कच्या बाजारात डिसेंबर 2024 मध्ये टनाला 12 हजार डॉलरच्या वर भाव गेला, पूर्वी कधी नव्हता इतका. पण आयव्हरी कोस्ट आणि घानात सरकार पुढच्या हंगामाचा माल आधीच विकून टाकतं आणि त्यावरून शेतकऱ्याचा भाव ठरवतं. म्हणून बाजार पेटला तेव्हा शेतकरी जुन्याच भावाला बांधलेला होता. आयव्हरी कोस्टने एप्रिल 2024 मध्ये तो 1500 फ्रँक केला, त्या ऑक्टोबरमध्ये 1800, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये 2800.

आणि भाव वाढला कशामुळे? पीक गेलं म्हणून. अवेळी पाऊस, झाडाच्या फांद्या सुजवून मारणारा विषाणू, घानात तर कोकोची रानं खणून सोनं काढणारे. ज्याच्याकडे विकायला अर्धाच माल उरला त्याला दुप्पट भावाचं कौतुक किती?

तिकडे कायदे नाहीत का?

आहेत. आयव्हरी कोस्टमध्ये कामाचं किमान वय 16, घानात 15, धोक्याच्या कामाला दोन्हीकडे 18. मुलांच्या तस्करीविरुद्ध आयव्हरी कोस्टचा 2010 चा स्वतंत्र कायदा आहे. तपासनीस शहरात, मळे चिखलाच्या वाटेवर. एवढंच.

कंपन्यांनी काही वचन दिलं होतं ना?

दिलं होतं, आणि ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 2001 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एलियट एंगेल यांनी एक दुरुस्ती आणली: चॉकलेटवर ‘गुलामीमुक्त’ असा शिक्का मारायची व्यवस्था करायला सरकारी खात्याला अडीच लाख डॉलर द्यावेत. रक्कम किरकोळ, पण दुरुस्ती 291 विरुद्ध 115 मतांनी मंजूर झाली आणि उद्योगाचं धाबं दणाणलं. कारण शिक्का आला की ज्यावर शिक्का नाही ते काय, हा प्रश्न आलाच. सिनेटमध्ये जाईपर्यंत तडजोड झाली. कायदा नको, आम्हीच स्वखुशीने सुधारतो. सिनेटर टॉम हार्किन आणि एंगेल यांच्या नावाने सप्टेंबर 2001 मध्ये करार झाला.

मुदत होती जुलै 2005. ती गेली 2008 वर. मग 2010 वर. 2010 मध्ये ठरलं की 2020 पर्यंत सगळ्यात वाईट प्रकारची बालमजुरी 70 टक्क्यांनी कमी करू. 2020 मध्ये नॉर्कचा अहवाल आला: कोको पिकवणाऱ्या भागांतल्या शेतकरी कुटुंबांत बालमजुरीचं प्रमाण दहा वर्षांत 31 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर गेलं होतं. त्याच काळात कोकोचं उत्पादन 62 टक्के वाढलं. शेतातल्या औषधांच्या संपर्कात येणारी मुलं 5 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर.

आपल्याकडे ठेकेदाराला मुदतवाढ मिळते तेव्हा निदान दंडाची नोटीस तरी निघते.

कोर्टात काय झालं?

वर म्हटलेल्या सहा जणांचा खटला 2005 मध्ये नेस्ले आणि कोकोचा मोठा व्यापार करणारी कारगिल यांच्याविरुद्ध सुरू झाला आणि सोळा वर्षं चालला. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो नाकारला. मुलांना राबवलं की नाही, यावर न्यायालयाने निकाल दिलेला नाही. घडलं ते अमेरिकेबाहेर, आणि कंपन्यांनी अमेरिकेत बसून सर्वसाधारण निर्णय घेतले एवढ्याने, परदेशी माणसाला अमेरिकेत दाद मागू देणाऱ्या ज्या कायद्याचा आधार घेतला होता त्याखाली खटला उभा राहत नाही, असं म्हटलं.

दुसरा खटला आठ मालियन तरुणांनी 2021 मध्ये सात कंपन्यांवर भरला. तोही 2024 मध्ये अपिलात फेटाळला गेला. कारण: तुम्ही ज्या शेतात राबलात तिथलाच कोको या कंपन्यांनी घेतला, हे तक्रारीतून दिसत नाही. आता तो माल जातो कसा बघा. शेतातून सायकल किंवा मोटारसायकलवरून गावोगाव फिरणारा दलाल (तिकडे ‘पिस्तर’ म्हणतात) पोती गोळा करतो, तो मोठ्या व्यापाऱ्याला देतो, तो निर्यातदाराला. वाटेत सगळी पोती एका ढिगात. माग पुसला जातो, आणि तो पुसला गेला म्हणून खटला पडतो.

हे सगळं अलीकडचं आहे का?

नाही. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न साओ तोमे या पोर्तुगीज बेटावर होता. तिथे अंगोलातून आणलेली माणसं राबत. 1909 मध्ये कॅडबरीने तिथून कोको घ्यायचं थांबवलं आणि ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे, मोर्चा वळवला.

आपल्या ऊसतोडीसारखंच हे नाही का?

हा प्रश्न बीड-धाराशिवकडचे लोक हमखास विचारतात, आणि त्यांना विचारायचा हक्क आहे. साम्य अंगावर येण्यासारखं आहे. कोकोचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आपल्या गाळपाचाही जवळपास तोच. तिथे दलालाला दिलेले पैसे, इथे मुकादमाची उचल. इथे तर मजूर जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात. माणसाचं नाव अवजारावर गेलं. आईबाप फडात गेले की पोरं शाळा सोडून सोबत जातात, धाकट्याला सांभाळतात, मोळ्या बांधतात. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, बऱ्याच बंद पडल्या.

फरक एवढाच की ऊसतोडीची पोरं आईबापाबरोबर असतात. सिकासोच्या स्टँडवरून नेलेल्या पोराबरोबर कोणी नसतं.

सोडवलेल्या मुलांचं पुढे काय होतं?

निवारा केंद्र, ओळख पटवणं, मग घरी परत. छाप्याचे फोटो छापून येतात. सहा महिन्यांनी त्या घरात काय चाललंय त्याची बातमी होत नाही. ज्या दुष्काळामुळे पोर बाहेर पडलं तो तिथेच असतो, म्हणून काही पुन्हा त्याच बसला लागतात.

शाळेत घालायचं तर आणखी एक अडथळा: जन्मदाखला. आयव्हरी कोस्टमध्ये तो नसेल तर प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि कोकोच्या वस्त्यांवर, त्यातही परदेशातून आलेल्या कुटुंबांत, तो नसलेली मुलं पुष्कळ. म्हणून काही संस्था पाटी-दप्तराच्या आधी दाखले काढून द्यायचं काम करतात. फोटोत दिसत नाही, पण माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कामाचं हेच.

म्हणजे काहीच सुधारलं नाही?

सुधारलं. नॉर्कच्या अहवालातल्या त्याच दहा वर्षांत कोकोच्या भागातल्या शेतकरी घरांतून शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण आयव्हरी कोस्टमध्ये 58 वरून 80 टक्क्यांवर गेलं, घानात 89 वरून 96 वर. मुलं शाळेतही जातात आणि रानातही. 2019 मध्ये दोन्ही देशांनी मिळून टनामागे 400 डॉलर जादा मागायला सुरुवात केली, शेतकऱ्याला जगण्यापुरतं मिळावं म्हणून. आणि सक्तीच्या मजुरीतून आलेला माल बाजारातच येऊ न देण्याचा युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर 2027 पासून लागू व्हायचा आहे.

‘फेअरट्रेड’ वगैरे शिक्का असला की निर्धास्त खावं का?

निर्धास्त नाही. शिक्क्यामुळे शेतकऱ्याला थोडे जादा पैसे मिळतात आणि अधूनमधून तपासणी होते, ते चांगलंच आहे. पण तपासणारा वर्षातल्या एखाद्या दिवशी येतो आणि पोरं उरलेले दिवस तिथेच असतात.

भारतातल्या चॉकलेटचं काय?

आपल्याकडे आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून कोको होतो, वर्षाला तीस हजार टनांच्या आतबाहेर. तेवढ्याने भागत नाही, म्हणून बराचसा आयात होतो. याच राज्यांतल्या शेतकऱ्यांकडून थेट माल घेणारे छोटे चॉकलेटवाले आता बरेच आहेत आणि ते वेष्टनावर गावाचं, कधी बागेचंही नाव छापतात. मोठ्या वड्यांवर मागे बारीक अक्षरात ‘कोको सॉलिड्स’ एवढंच सापडेल. तिथेच ग्राहक सेवेचा ईमेल असतो. त्यावर दोन ओळी लिहा: हा कोको कुठल्या देशातला, आणि शेतापर्यंतचा माग तुमच्याकडे आहे का? उत्तर गोलमोल आलं तर तेच पुन्हा विचारा, या वेळी तारीख घालून.